साडेबावीस नंबरची टोपी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, पांढरी टोपी घालणारी माणसं आता किती उरली हे बघायचं असेल, तर आठवडे बाजाराच्या दिवशी शिंदखेड्याच्या एसटी स्टँडवर तासभर उभं राहावं. खेड्यांवरून येणाऱ्या गाड्यांतून सत्तरीचे आजोबा उतरतात. धोतर किंवा पायजमा, नेहरू शर्ट, आणि डोक्यावर टोपी. त्यांच्या मागून उतरणारा मुलगा पन्नाशीचा असतो. त्याचं डोकं उघडं असतं, नाहीतर त्यावर बियाण्याच्या कंपनीनं फुकट दिलेली, पुढे झाप असलेली कॅप असते. नातू तर एसटीनं येतच नाही, तो मोटारसायकलवर येतो. आणि मोटारसायकलचं आणि पांढऱ्या टोपीचं जमत नाही. वाऱ्यानं ती उडते. हेल्मेटखाली घालावी तर तिची पुरचुंडी होते. टोपी कोणामुळे गेली यावर बरीच चर्चा होते. कोणी शिक्षणाला दोष देतो, कोणी सिनेमाला, कोणी पुढाऱ्यांना. मला तर वाटतं, मोटारसायकलनं यातलं निम्मं काम केलं.

मी स्वतः टोपी घालतो. प्राथमिक शाळेत मास्तर होतो, आता निवृत्त आहे. नोकरीची पहिली काही वर्षं मी उघड्या डोक्यानंच शाळेत जात असे. १९८७ साली वडील गेले. गंधमुक्तीच्या दिवशी मामांनी सगळ्यांसमोर माझ्या डोक्यावर कोरी टोपी ठेवली. आमच्याकडे ही रीत आहे. घरातला वडीलधारा माणूस गेला की मुलाच्या डोक्यावर टोपी येते आणि त्या दिवसापासून भाऊबंद त्याला विचारून कामं करायला लागतात. अनेकजण ती टोपी दुसऱ्या दिवशी खुंटीला लावतात. माझी राहिली. शाळेतल्या पोरांनी आठवडाभर हसून घेतलं, मग त्यांनाही सवय झाली.

पण आज मी सांगणार आहे ती मामांनी घातलेल्या टोपीची गोष्ट नाही. ती टोपी सुताची होती, चार-पाच वर्षांत विरून गेली. माझी खरी टोपी मला मिळाली २००४ साली, धुळ्याला.

धुळ्याच्या आग्रा रोडवर तेव्हा एक अरुंद दुकान होतं. समोरून पाहिलं तर कापडाचं वाटायचं. आत गेल्यावर एका भिंतीला लाकडी कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात एकात एक बसवलेल्या टोप्यांची चळत. कप्प्यांवर खडूनं आकडे लिहिलेले. एकवीस, साडेएकवीस, बावीस, असे चोवीसपर्यंत. गल्ल्यावर एक म्हातारे गृहस्थ बसायचे. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साडेबावीस." मग टेप काढून कपाळावरून, कानांच्या जरा वरून फिरवला. साडेबावीसच भरलं.

त्यांनी मला तीन प्रश्न विचारले. खादी की टेरिकॉट? उभी की बसकी? आणि रोज घालणार की कार्यक्रमाला? हा तिसरा प्रश्न मला तेव्हा उगाचच वाटला होता. मी म्हणालो, रोज. मग त्यांनी समोर काढलेल्या टोप्या परत कप्प्यात ठेवल्या आणि खालच्या खणातून दुसरी चळत काढली. म्हणाले, कार्यक्रमाच्या टोपीला खळ जास्त, कापड कमी. ती पहिल्या दिवशी छान दिसते. रोजच्या टोपीचं कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढलेलं लागतं, नाहीतर पहिल्याच धुण्यात ती साडेबावीसची बावीस होते आणि दुपारपर्यंत कपाळावर वळ उठतो. आतली पट्टी दुहेरी लागते, कारण घाम तिथंच मुरतो. आणि टोकाची शिलाई पट्टीच्या आत घेतलेली असावी, म्हणजे टोक उसवत नाही.

मी चार टोप्या घेतल्या. बावीस रुपयांना एक. घरी आल्यावर टोपी घातली आणि विसरून गेलो. चांगल्या टोपीची हीच खूण असावी. डोक्यावर आहे की नाही हे चाचपून बघावं लागतं.

पुढची सोळा वर्षं दर दोन-अडीच वर्षांनी मी धुळ्याला जाई आणि चार टोप्या आणी. आमच्या घरी या टोप्यांचा एक कार्यक्रमच होता. सौ. त्यांना नीळ आणि खळ देई. आमच्या तालुक्यातलं दोंडाईचा मक्याच्या स्टार्चसाठी ओळखलं जातं, पण आमच्या घरी खळ भाताच्या पेजेचीच. टोपी ओलसर असतानाच घडीवर दाबून पाटाखाली ठेवायची, की सकाळी इस्त्री केल्यासारखी. माझ्या आजीच्या काळात तांब्यात निखारे घालून त्याचा बूड टोपीवरून फिरवत.

टाळेबंदीत, म्हणजे २०२० साली, ते दुकान बंद झालं ते पुन्हा उघडलं नाही. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. शेवटच्या चारांपैकी तीन टोप्या गेल्या. चौथी मी सणासुदीला जपून वापरत होतो. गेल्या वर्षी तिचंही कापड पट्टीच्या घडीवर विरलं. उजेडापुढे धरली तर पलीकडचं दिसतं.

मग गावात शोध सुरू केला. आठवडे बाजारात टोपी मिळते, पण ती लग्नात वाटायची. आपल्याकडे लग्नात पाहुण्यांना टोपी, टॉवेल, नारळ द्यायची पद्धत. ती बंद करा म्हणून समाजाच्या बैठकांमध्ये ठराव होतात आणि ठराव करणाऱ्यांचा सत्कार टोपी-टॉवेल देऊनच होतो. या टोप्या मंडपात डोक्यावर चढतात आणि मंडपाबाहेर खिशात जातात. त्या शिवणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, त्यामुळे सगळ्या एकाच मापाच्या. आमच्या गल्लीतल्या शिंप्याला विचारलं, बाबा, तू शिवून देतोस का? तो म्हणाला, "गुरुजी, यात मेहनत शर्टाची अन् मजुरी रुमालाची. आणि मला जमंल असं बी नाही. वडील शिवत होते." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शाळेचे गणवेश आणि पँटची उंची कमी करणं यातच त्याचा दिवस जातो.

इथं जरा थांबून या टोपीच्या घराण्याविषयी बोलू. तिला आपण गांधी टोपी म्हणतो, पण गांधीजींनी स्वतः ती फार थोडा काळ घातली. १९१९च्या सुमारास त्यांनी ती घालायला सुरुवात केली, आणि सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला त्यांनी पंचा स्वीकारला तेव्हा टोपीही सुटली. म्हणजे जेमतेम दोन-एक वर्षं. जगातल्या टोप्यांचं असंच काहीतरी असतं. प्रसिद्ध पनामा हॅट पनामाची नाहीच, ती इक्वेडोर देशात विणली जाते. २०१२ साली युनेस्कोनं त्या विणकामाला मान दिला तोही इक्वेडोरलाच.

गांधीजींनी ही टोपी निवडली ती मात्र फार विचार करून. काका कालेलकरांशी झालेल्या बोलण्यात त्यांनी तो विचार सांगितला आहे. वेगवेगळ्या प्रांतांची शिरोभूषणं त्यांनी पाहिली. काश्मिरी टोपी त्यांना आवडली, कारण ती हलकी, घडी होणारी, खिशात मावणारी. पण ती लोकरीची. मग तोच घाट सुती कापडात. आणि रंग? पांढरा, कारण पांढऱ्यावर घाम आणि मळ लगेच दिसतो, आणि दिसला की माणूस टोपी धुतो. मला हे फार पटतं. काळ्या टोपीला मळ लपवता येतो. पांढरी टोपी तुमची रोज तपासणी करते.

त्या काळी काही ठिकाणी सरकारी नोकरांना आणि वकिलांना ही टोपी घालायला मनाई होती. एवढ्याशा कापडाला सरकार घाबरलं. आमच्या खानदेशात तर ती खोलवर रुजली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, एखाद्या खेड्यात भरलेलं ते पहिलं. पंडित नेहरू अध्यक्ष, नंदलाल बोस यांनी सजवलेलं नगर, आणि अधिवेशनासाठी गावोगाव राबलेले साने गुरुजी. ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याचे मित्र गोळीबारात गेले. १४ एप्रिल १९४४ला आमच्याच तालुक्यात, चिमठाण्याजवळ, साताऱ्याकडून आलेल्या क्रांतिकारकांनी सरकारी खजिना लुटला. ज्या पिढीनं हे पाहिलं किंवा घरात ऐकलं, तिच्या डोक्यावर टोपी आली आणि ती नंतर शेतात, बाजारात, लग्नात, मर्तिकात सगळीकडे गेली. चळवळ संपली, टोपी राहिली. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा तिचा राजकारणाशी काही संबंध उरत नाही. मुंबईच्या डबेवाल्याच्या डोक्यावरही ती तशीच आहे, कामाची.

भाषेत मात्र टोपीचं नाव चांगलं नाही. टोपी घालणं म्हणजे फसवणं, टोपी फिरवणं म्हणजे पक्ष बदलणं. जुन्या मराठीत युरोपातून आलेल्या व्यापाऱ्यांना टोपीकर म्हणत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात या टोपीकरांपासून जपून राहायला सांगितलं आहे. तेव्हा इंटरनेटवर टोपी घ्यायला बसताना मला ते आठवलं, यात नवल नाही.

आमची नात धुळ्याला कॉलेजात शिकते. सुटीत आली तेव्हा म्हणाली, "आबा, ऑनलाइन मागवू की." तिनं मोबाइलवर टोपी असा शब्द टाकला. क्रिकेटच्या टोप्या आल्या, माकडटोप्या आल्या, नमाजाच्या जाळीदार टोप्या आल्या, लहान बाळांच्या कानटोप्या आल्या. मग गांधी टोपी टाकलं. आता जे आलं ते ऐकण्यासारखं आहे. सगळ्यात वर लहान मुलांचा फॅन्सी ड्रेस. पंचा, काठी, काचा नसलेला गोल चष्मा आणि टोपी असा संच, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरसाठी. त्याखाली पन्नास टोप्यांचं पाकीट, शंभराचं पाकीट, हवा तो मजकूर छापून मिळेल. २०११ साली दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णा हजारेंचं उपोषण झालं तेव्हा ‘मी अण्णा’ छापलेल्या टोप्या देशभर पसरल्या, पुढच्या वर्षी निघालेल्या आम आदमी पक्षानं टोपी ही आपली ओळखच केली. तेव्हापासून टोपी हे फलक लावायचं साधन झालं. त्याखाली लग्नासाठीच्या, जरीच्या काठाच्या टोप्या. मग नाटकासाठी "नेता कॅप".

नात बोट सरकवत होती आणि मी बघत होतो. त्या म्हाताऱ्या दुकानदाराचा तिसरा प्रश्न मला तेव्हा कळला. रोज की कार्यक्रमाला? मोबाइलवर दिसणारी प्रत्येक टोपी कार्यक्रमाची होती. शाळेतल्या पोराला एक तास, वऱ्हाड्याला एक दुपार, मोर्चेकऱ्याला एक दिवस. उद्या सकाळी उठून पुन्हा हीच टोपी कोणी घालणार आहे, हे विकणाऱ्याच्या मनातच नव्हतं. त्यामुळे मापाचा रकाना रिकामा, नाहीतर तिथं "फ्री साइज". आता टोपीला फ्री साइज कसं चालेल? सदरा सैल झाला तर अंगात राहतो. टोपी सैल झाली तर भुवयांवर येते आणि घट्ट झाली तर नारळावर वाटी ठेवल्यासारखी वर राहते.

मापाचा घोळ इथंच संपत नाही. आपला टोपीचा नंबर म्हणजे डोक्याचा घेर, इंचांत. काही विक्रेते सेंटिमीटर देतात. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, तेव्हा माझा साडेबावीस झाला जवळपास ५७. विलायती हॅटचा नंबर आणखी वेगळा. तिथं घेर नाही, साधारण व्यास सांगतात, म्हणून त्यांचे आकडे सात, सव्वासात असे असतात. आणि काहीजण नुसतं एम, एल, एक्सएल लिहितात. एकाचा एल दुसऱ्याचा एम असतो. डोक्याच्या बाबतीत अर्ध्या इंचाचा फरक म्हणजे दुपारपर्यंत डोकेदुखी. धुळ्याच्या त्या लाकडी कप्प्यांवर खडूनं लिहिलेले आकडे किती नेमके होते हे मला सत्तरीच्या जवळ येऊन कळलं.

एका ठिकाणी चित्र बरं दिसलं. खादी, पांढरी, रोजच्या वापरासाठी, असं लिहिलं होतं. माप नव्हतं. प्रश्न विचारायला जागा होती तिथं नातीनं विचारलं, घेर किती? दोन दिवसांनी उत्तर आलं, "क्वालिटी खूप छान आहे सर." दुसऱ्यांदा विचारलं. उत्तर आलं, "सर्वांना बसते." पैसे पार्सल आल्यावर द्यायचे होते, परत करायची सोय होती, म्हणून मागवली. एकशे एकोणपन्नास रुपये.

आठ दिवसांनी पार्सल आलं. पिशवीच्या आत पिशवी, तिच्या आत पुठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर टोपी. कापड खादीचं नव्हतं, सुताचंही नव्हतं. बाजारातल्या त्या कागदासारख्या कापडी पिशव्या असतात ना, तसलं. आणि मागच्या बाजूला, श्रोतेहो, इलॅस्टिक! सर्वांना बसते म्हणजे काय ते कळलं. मी ती घालून आरशात पाहिलं. सौ. म्हणाली, "दवाखान्यात ऑपरेशनला निघाल्यासारखे दिसता."

परत पाठवायची खटपट नातीनं केली. दोनदा माणूस येतो सांगून आला नाही, तिसऱ्यांदा आला. पैसे परत मिळाले. या निमित्तानं एक गोष्ट समजली ती सांगतो, कारण ती टोपीपुरती नाही. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२०चे ऑनलाइन व्यापाराचे नियम यांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार घेणारा अधिकारी नेमावा लागतो. त्यानं ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं आणि महिन्याच्या आत ती सोडवायची. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि माल मुंबईचा असो की दिल्लीचा, ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. दीडशेच्या टोपीसाठी कोणी धुळ्याची वारी करणार नाही हे खरं. पण हाच व्यवहार पंपाचा किंवा फवारणी यंत्राचा असता तर?

नात धुळ्याला परत गेली, पण तिनं विषय सोडला नाही. तिनं मला एक काम लावलं. म्हणाली, तुम्हाला काय हवं ते कागदावर लिहा. मी लिहिलं, चांगली, मऊ, डोक्यावर नीट बसणारी पांढरी टोपी. तिनं फोनवर वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, "आबा, हे तर त्या इलॅस्टिकवाल्यानंही लिहिलं असतं."

चाळीस वर्षं पोरांना निबंध शिकवले, पण स्वतःच्या डोक्यावरच्या वस्तूचं वर्णन करायला बसलो तेव्हा अर्धा दिवस गेला. आजवर ते करायची गरजच पडली नव्हती. दुकानदाराला कळत होतं, मला नुसतं डोकं पुढे करायचं होतं. मी जुनी टोपी पाटावर पसरली आणि टेप घेऊन बसलो. घेर आतून साडेबावीस इंच. बाजूची उंची मधोमध पावणेचार, टोकाकडे चढत चार. बाजू दुहेरी कापडाच्या. आतली घामाची पट्टी सव्वा इंच, दुहेरी. माथ्याचं कापड एकेरी आणि आत दुमडणारं. टोकाची शिलाई आत घेतलेली. शिलाईचे टाके इंचात अकरा-बारा. कापड हातमागाचं, मध्यम जाडीचं, शिवण्याआधी पाण्यातून काढलेलं. एवढं लिहून झाल्यावर मला त्या शिवणाऱ्याचा हात पहिल्यांदा दिसला. त्या दुकानात पाठीमागे बसून कोण शिवत होतं, मी सोळा वर्षांत कधी विचारलं नव्हतं.

तो कागद आणि टोपीचे सहा फोटो, टेप लावलेले, नातीनं कुठं कुठं पाठवले. मोठ्या दुकानांकडून काही आलं नाही. कापड विकणाऱ्या एका छोट्या विक्रेत्यानं मात्र उत्तर दिलं. तो नगर जिल्ह्यातला. त्याच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बायका होत्या, सदरे शिवत होत्या. त्यातल्या एकीच्या सासऱ्यांची टोपी अशीच होती म्हणे. तिनं फोनवर मला जे विचारलं त्यावरून मी निश्चिंत झालो. तिनं विचारलं, "काका, खळ देता का? देत असाल तर मी पाव इंच सैल ठेवते." एका टोपीला तो पोस्टेजचा खर्च परवडत नव्हता, निदान चार घ्या म्हणाला. चार घेतल्या. एकशे दहा रुपयांना एक. धुळ्याच्या पाचपट झाले. पण वीस वर्षांत कशाचे पाचपट झाले नाहीत?

चारपैकी एक जरा उंच झाली आहे, ती घातली की मी आमदारकीला उभा राहिल्यासारखा दिसतो. बाकीच्या तीन ठीक. आतापर्यंत सात-आठ वेळा धुऊन झाल्या, बावीसवर आलेल्या नाहीत. जुनीइतकी विसरायला होत नाही अजून. कपाळाशी कापड लागतं. कदाचित आणखी दहा धुण्यांनी लागणार नाही.

ही गोष्ट इथंच संपली असती. पण मारुतीच्या पारावर आमची बैठक असते. नवी टोपी घालून गेलो तर सगळ्यांच्या नजरा डोक्याकडे. "कोठेन आणी?" एकानं विचारलं. मोबाइलवरून म्हटल्यावर आधी हसले. मग ती हातोहात फिरली. आतली पट्टी बोटांनी चाचपून पाहिली, टोक ओढून पाहिलं. आणि एकेकजण आपली टोपी काढून दाखवायला लागला. कोणाची मागून शिवलेली, कोणाची लग्नातली, आत वर्तमानपत्राची घडी घालून घट्ट केलेली. एक जण म्हणाले, "टोपी नही तं डोकं उघडं लागस, अन् ही घाली तं उसनवारी लागस." त्यांनी गेले सहा महिने कीर्तनाला येणं सोडलं होतं. आम्हाला वाटत होतं गुडघे दुखतात.

दुसऱ्या दिवशी मी टेप आणि वही घेऊन पारावर गेलो. "कितला नंबर शे?" असं एकमेकांना विचारत सगळे रांगेनं बसले, जसे कधीकाळी माझ्या वर्गात हजेरीला बसत. त्यातले दोघं खरंच माझ्या वर्गात होते. अकरा डोक्यांची मापं झाली. सगळ्यात लहान एकवीस, सगळ्यात मोठं पावणेचोवीस. तो मान पोलीसपाटलांचा. खळ देणारे सात, न देणारे चार. उंच हवी असणारा एकच. कीर्तनवाल्या आबांनी दोन सांगितल्या. एक रोजची आणि एक कोरी, पेटीत ठेवायला. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नंबर तेवढा लिहून घेतला.

यादी गेली आहे. पंचवीस टोप्यांची मागणी आल्यावर तो विक्रेता पंचाण्णव रुपयांवर आला. त्या बाईंनी कापड पाण्यात घातल्याचा फोटोही पाठवला.

फक्त एका डोक्याचं माप अडलं आहे. आमचे एक जोडीदार सध्या सुरतेला मुलाकडे असतात. त्यांना फोन लावला. घरात टेप नव्हता. सूनबाईंनी डोक्याभोवती सुतळी फिरवली, गाठ मारली आणि मला फोनवर विचारलं, "गुरुजी, सुतळी तर मापली, आता ती किती भरते हे कशानं मोजू?" शाळकरी पोराची पट्टी घ्या म्हटलं. ती पंधरा सेंटिमीटरची निघाली. चार वेळा पट्टी ठेवून सूनबाई म्हणाल्या अठ्ठावन्न, नातू म्हणाला साठ. अठ्ठावन्न म्हणजे पावणेतेवीसच्या जरासं पुढे आणि साठ म्हणजे साडेतेवीसच्याही वर. मी सांगितलं आहे, ती सुतळी पाकिटात घालून पोस्टानं पाठवा. अजून आलेली नाही. बाईंना एक टोपी तेवढी थांबवून ठेवायला सांगितली आहे.